बारा तासांच्या कागदावर सही कोणाची?

गडमुडशिंगीच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की आम्ही अर्धा-पाऊण तास मागे थांबतो. कोणाची जमिनीची नोटीस असते, कोणाच्या मुलाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कोणाला ठेकेदाराने पीएफ भरला की नाही ते बघायचे असते. गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी नऊ तरुण एकदम आले. नऊही जण जवळच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात कामाला. चार कायम, पाच ठेकेदाराकडचे. प्रत्येकाच्या हातात सारखाच छापील कागद. मजकूर तीन ओळींचा. मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, व्यवस्थापन ठरवील त्याप्रमाणे दिवसाला बारा तासांपर्यंत काम करण्यास व जादा काम करण्यास संमती देत आहे, असा त्याचा सारांश. खाली नाव, टोकन नंबर आणि सही. तारखेची जागा कोरी. ही संमती कोणत्या दिवसापर्यंत, याचा उल्लेख कुठेच नाही.

"सायेब, सही करायची का न्हाई, एवढंच सांगा," एकजण म्हणाला. त्याच्या शेजारचा म्हणाला, "न्हाई केली तर सोमवारी गेटातनं आत घेतील का, ते बी सांगा."

दुसऱ्याचा प्रश्न ऐकल्यावर 'राजीखुशी' या शब्दाचा अर्थ आम्हास वेगळा शोधावा लागला नाही. पण नऊ जणांना रविवारी सकाळी दिलेला सल्ला पुरेसा नाही. हा कागद आज अनेक कारखान्यांच्या दारात येऊन उभा आहे आणि त्याच्या मागे सरकारचे निर्णय आहेत. म्हणून ही चर्चा येथे करीत आहोत.

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कामाच्या तासांबाबतच्या दुरुस्त्यांना मंजुरी दिली. कारखान्यात दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांची होती, ती १२ तास. तीन महिन्यांत जादा कामाची मर्यादा ११५ तास होती, ती १४४ तास. दुकाने व आस्थापनांत दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास आणि तेथेही तिमाही जादा काम १२५ वरून १४४ तास. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी आणि मोबदला दुप्पट मिळेल, अशी ग्वाही सोबत होती. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता अंमलात आल्या आणि १९४८ चा कारखाना अधिनियम व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा बाजूला झाला. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेच्या कलम २५ मध्ये दिवसाचे आठ तास लिहिलेले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुन्या कायद्यात नऊ होते. मात्र कामाचा पसारा, म्हणजे कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा एकूण काळ, किती असावा ते सरकार अधिसूचनेने ठरवणार. जादा कामाचे तास किती, तेही सरकार नियमाने ठरवणार. पूर्वी जी मर्यादा कायद्याच्या कलमात होती आणि बदलायची तर विधिमंडळात जावे लागे, ती आता मंत्रालयातील टेबलावर आली. कलमात आठ आणि नियमात बारा, असा हा खेळ आहे.

या बदलाचे समर्थन करणारे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतात. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, मग ओरड कशासाठी? चार दिवस बारा तास काम करा आणि तीन दिवस घरी बसा, असे चित्र रंगवले जाते. फौंड्रीत फेटलिंगचे काम करणाऱ्या माणसाला तीन दिवस सुट्टी देणारा मालक आमच्या पाहण्यात अजून आलेला नाही. वाचकांच्या पाहण्यात असेल तर त्यांनी जरूर कळवावे, आम्ही त्याचा सत्कार करू.

खरी गोम १४४ या आकड्यात आहे. जादा काम म्हणजे अचानक आलेली ऑर्डर, बंद पडलेले यंत्र, आजारी पडलेला जोडीदार, असा आपला समज. तीन महिन्यांत आठवड्याची सुट्टी वगळता साधारण ७८ दिवस कामाचे भरतात. सणावाराच्या सुट्ट्या आणि चार-दोन रजा वजा केल्या की ७२ उरतात. ७२ दिवस रोज दोन तास जादा, म्हणजे नेमके १४४. याचा अर्थ सरळ आहे. ही अडीनडीची तरतूद नव्हे. हा बारा महिने चालणारा दहा तासांचा दिवस आहे. दुसऱ्या बाजूने मोजा. तिमाहीचे १३ आठवडे धरले तर १४४ तासांचे आठवड्याला ११ तास होतात. ४८ मध्ये ते मिळवा, ५९ भरतात. वर्षाचे ५७६ तास, आठ तासांच्या दिवसाने ७२ दिवस. जुन्या कायद्यात हीच मर्यादा एके काळी ७५ तासांची होती. ७५, मग ११५, मग १४४. प्रत्येक वेळी 'तात्पुरती गरज' सांगितली गेली आणि एकदाही आकडा खाली आला नाही.

५९ तासांचा हा आठवडा आपल्या देशाने पूर्वी पाहिलेला आहे. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाची मर्यादा बारा तास घातली. १९२२ च्या कायद्याने ती अकरा तास व आठवड्याला ६० तास केली. १९३४ च्या कायद्याने दहा तास व ५४. आणि १९४६ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेल्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे ४८ तास झाले. त्याच दुरुस्तीने जादा कामाचा दर दुप्पट केला आणि कारखान्यांना कायद्यातून सूट देण्याच्या प्रांतिक सरकारांच्या अधिकाराला लगाम घातला. १९४८ च्या कायद्याने हेच पुढे चालवले. दिवसाचा बारा हा आकडा म्हणजे १९११ सालचा आकडा, आणि आठवड्याचे ५९ म्हणजे १९२२ च्या कायद्यापेक्षा एक तास कमी.

येथे आपल्याच लोकांशी थोडे बोलले पाहिजे. जयंतीच्या फलकांवर आपण लिहितो की बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले. भावना खरी आहे, पण कायद्याच्या पुस्तकात ते असे नाही, आणि वादात समोरचा हुशार वकील नेमके हेच पकडतो. बाबासाहेबांच्या आधीचा कायदा आठवड्याला ५४ तासांचा होता, त्यांनी तो ४८ वर आणला. सहा दिवसांना ४८ भागले की आठ येतात. शिवाय या वाटेवर त्यांच्याही आधी आपले लोक चाललेले आहेत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, दुखापत झाल्यास भरपाई या त्यातल्या मागण्या. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. आपण विहारात रविवारी जमतो तो वारसुद्धा कोणीतरी भांडून मिळवलेला आहे. फलकावरचा आकडा दुरुस्त केल्याने बाबासाहेबांचे काम लहान होत नाही. उलट त्यांनी केलेली सर्वांत धारदार गोष्ट, जादा कामाचा दुप्पट दर, आपल्या फलकांवर येतच नाही.

हा दुप्पट दर बक्षीस म्हणून ठेवलेला नाही. आमच्या समजुतीप्रमाणे तो मालकावरचा दंड आहे. एका माणसाकडून बारा तास काम घेणे हे दीड माणूस नेमण्यापेक्षा महाग पडले पाहिजे, म्हणजे मालक नवीन माणूस नेमील, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे आठ तासांचा प्रश्न हा जितका कामावर असलेल्याचा, तितकाच गावात बेकार बसलेल्या आयटीआय पास मुलाचाही आहे. दोन कामगारांनी रोज बारा तास भरले की तिसऱ्याची आठ तासांची पाळी त्यांनी खाल्लेली असते. आरक्षणाच्या जागा आटल्यावर आपली मुले खासगी कारखान्यांच्या दारात उभी राहिली, आणि आता तेथेही ही दारे अर्धी लावली जात आहेत.

पण त्या रविवारी एका मुलाने आम्हाला जे विचारले ते टाळून पुढे जाता येणार नाही. तो म्हणाला, "ओटी बंद झाली तर गाडीचा हप्ता कोण भरणार, दादा?" कामगारालाच जादा काम हवे असते, हे सत्य आहे. मूळ पगारात घर चालत नाही म्हणून तो ओटी मागतो. तो ओटी करतो म्हणून मूळ पगार वाढवण्याची मालकाला गरज वाटत नाही. या चक्रात तात्पुरते म्हणून सुरू झालेले दोन तास वर्षभरात पक्के होतात. त्यांच्या भरवशावर हप्ता ठरतो, मुलीची शाळा ठरते. मग तीन-चार वर्षांनी वेतनकराराची बोलणी होतात, तेव्हा व्यवस्थापन म्हणते, तुम्ही दहा तास करताच आहात, ते करारात लिहून टाकू आणि त्या बदल्यात घसघशीत वाढ देतो.

त्या घसघशीत वाढीचा हिशेब आम्ही विहारात फळ्यावर मांडला. समजा एका कामगाराचा महिन्याचा पगार १२,४८० रुपये आहे. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला ६० रुपये पडतात. आता दिवस दहा तासांचा झाला, म्हणजे २६० तास. जुन्याच दराने द्यायचे म्हटले तरी १५,६०० रुपये व्हायला हवेत, म्हणजे वाढ शून्य. कायद्याप्रमाणे वरच्या ५२ तासांना दुप्पट दर लावला तर १८,७२० होतात. करारात मालकाने १४,५०० देऊ केले तर गेटवर पेढे वाटले जातील, कारण पगार दोन हजारांनी वाढला. प्रत्यक्षात तासाचा दर ५५ रुपये ७७ पैसे झाला, म्हणजे पगार कापला गेला. फळ्याकडे बघून सगळे गप्प झाले. मग मघाचा हप्तेवाला मुलगा हळूच म्हणाला, "आमच्यात मागल्या करारात असंच झालं असंल."

पैशापुरते बोलायचे तरी हिशेब येथे थांबत नाही. जादा कामाचा मोबदला पीएफच्या पगारात धरला जात नाही, ग्रॅच्युइटीत धरला जात नाही, बोनसच्या पगारातही नाही. नव्या संहितांमधील 'वेतना'च्या व्याख्येतूनही ओटी बाहेरच आहे; वगळलेल्या भत्त्यांची बेरीज निम्म्याच्या वर गेली तर वरचा भाग वेतनात धरायचा, एवढाच काय तो आधार. वीस वर्षे रोज दहा तास राबलेला माणूस निवृत्त होतो तेव्हा कागदावर तो आठच तास राबलेला असतो. शिवाय दुप्पट कशाच्या, हाही प्रश्न आहे. संहितेप्रमाणे वेतन म्हणजे मुख्यतः मूळ पगार व महागाई भत्ता. ज्याच्या स्लिपवर मूळ पगार लहान आणि बाकीचे भत्ते मोठे, त्याचे दुप्पटही लहानच. वाचकांनी स्वतःची पगाराची स्लिप काढून हा भाग एकदा बघावा.

आता कायद्याच्या मुद्द्याकडे येतो, कारण आपले कार्यकर्ते येथेच गोंधळतात. कामाचे तास आणि विश्रांतीच्या वेळा ही मालकाच्या एकट्याच्या मर्जीची बाब कधीच नव्हती. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ व चौथ्या अनुसूचीप्रमाणे त्यात बदल करायचा तर कामगारांना बदलाची नोटीस द्यावी लागे आणि २१ दिवस थांबावे लागे. त्या मुदतीत संघटना विवाद उभा करू शके. ही तरतूद मेलेली नाही. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये आणि तिसऱ्या अनुसूचीत ती आजही आहे. म्हणून आठाचे दहा किंवा बारा तास कायमचे करायचे असतील, तर फलकावर पाळीचे नवे वेळापत्रक चिकटवून भागत नाही. मात्र या कलमात एक खिडकी आहे. बदल जर कराराप्रमाणे होत असेल तर नोटीस लागत नाही. तातडीच्या प्रसंगी तक्रार निवारण समितीशी विचारविनिमय करून पाळी बदलण्याचीही सोय नव्याने केली आहे. म्हणजे करारावर सही झाली की २१ दिवसांचे कवच आपणच काढून दिले, असे होते.

आणि करार हा दोन-तीन वर्षांचा असतो, आवडला नाही तर पुढच्या वेळी बदलू, या भ्रमात राहू नये. १९८० साली आयुर्विमा महामंडळ विरुद्ध डी. जे. बहादूर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कराराची मुदत संपली, तो संपवण्याची नोटीसही दिली, तरी नवा करार किंवा निवाडा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. तेथे हा न्याय कामगारांच्या बोनसच्या रक्षणाला आला. पण तलवारीला दोन धारा असतात. एकदा दहा तास करारात लिहिले गेले की करार संपल्यावरही दहा तास संपत नाहीत. पुढच्या बोलणीत आठ तास ही आपली हक्काची जागा राहत नाही, ती आपली 'मागणी' होते आणि तिची किंमत आपल्याकडून वसूल केली जाते. तास वाढवणारा करार आणि पगार वाढवणारा करार यांत आमच्या मते हाच मोठा फरक आहे.

म्हणून तास वाढवायला कधीच हो म्हणू नका, असा सोपा उपदेश आम्ही करणार नाही. कधी कधी ऑर्डर खरोखर असते, कधी कारखाना वाचवायचा असतो. पण लिहिताना काय लिहिता ते बघा. वाढीला शेवटची तारीख असली पाहिजे, आणि त्या तारखेनंतर आपोआप आठ तास लागू होतील असे शब्दांत आले पाहिजे. 'पुनर्विचार करण्यात येईल' असे लिहिले तर कोणीही पुनर्विचार करीत नाही. आठ तासांच्या वरचा प्रत्येक तास दुप्पट दरानेच. तो एकूण ठोक रकमेत मिसळू देऊ नये, कारण कायद्याने दिलेले किमान करारानेही सोडता येत नाही आणि ठोक रकमेत ते कसे सुटले हे नंतर कोणाला सिद्ध करता येत नाही. दोन तिमाह्या सलग जादा काम लागले तर ते जादा राहिले नाही, त्या तासांच्या प्रमाणात नवीन भरती करावी, हे कलम मागावे. मालक ते सहजी देणार नाही हे आम्हास ठाऊक आहे. पण ते मागितल्याने टेबलावर बेकार पोरगा येऊन बसतो आणि बोलणी फक्त रकमेभोवती फिरत नाहीत. आणि जो नाही म्हणेल त्याची बदली, पाळीतला त्रास, वाढ रोखणे असे काही होणार नाही, हे लिहून घ्यावे. नाही म्हणण्याची किंमत द्यावी लागत असेल तर संमतीला काही अर्थ उरत नाही.

संमतीचा प्रश्न आपल्या न्यायालयांनी पाहिलेला आहे. १९८२ साली एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम २३ चा अर्थ लावताना म्हटले की भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. पोटासाठी किमान वेतनाहून कमी पैशात काम स्वीकारणे ही वेठच होय. २०२० साली टाळेबंदीच्या काळात गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांत बारा तास आणि जादा कामाला साधाच दर, असे फर्मावले होते. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, साथ म्हणजे कायद्यातली सार्वजनिक आणीबाणी नव्हे असे सांगितले, कलम २१ व २३ चा आधार घेतला आणि बुडवलेला जादा मोबदला देण्याचा आदेश दिला. सरकारे त्यातून एवढेच शिकली की हुकमाने बारा तास लादता येत नाहीत. मग कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कायदाच बदलला. तेथेही दिवसाला बारा. तामिळनाडूने एप्रिल २०२३ मध्ये तसेच विधेयक मंजूर केले, पण संघटना आणि मित्रपक्ष एकत्र उठले आणि १ मे रोजी ते मागे घेतल्याचे मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले. आपल्याकडे संमतीचा कागद पुढे आला. हुकूम असता तर त्याला न्यायालयात आव्हान देता आले असते. एकेकट्याने दिलेल्या संमतीला आव्हान द्यायला तो एकेकटाच उभा राहणार, आणि तोही नोकरी गेल्यावर.

कामाचे तास हा एकेका माणसाचा सौदा होऊ नये, म्हणून तर कायदा आणि संघटना निर्माण झाल्या. एकट्याकडून सही घेणे म्हणजे हा प्रश्न संघटनेच्या हातून काढून घेणे. नव्या संहितेत संपासाठी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांना लागू केली आहे. अशाच रीतीने संपाचा हात बांधणाऱ्या मुंबई इलाख्याच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला होता. दोघांचे पटत नव्हते, तरी केला. आज आपल्या भागात चार झेंड्यांच्या चार संघटना एकाच गेटवर चार वेगळ्या सभा घेतात, आणि ५१ टक्के सभासद असतील तीच वाटाघाटी करणारी संघटना, असा संहितेचा नियम आहे.

आता त्या नऊ जणांतल्या पाच जणांकडे वळतो, जे ठेकेदाराकडे आहेत. कायम कामगारांचा करार झाला की पाळी सगळ्या कारखान्याची बदलते, भट्टी काही कायम आणि कंत्राटी असा भेद करीत नाही. पण करारातले पैसे कायम कामगारालाच. तास वाटून घ्यायला सगळे, मोबदला घ्यायला निम्मे. आणि ही कंत्राटी माणसे कोण आहेत, हे वेगळे सांगायला नको. झाडलोट, भट्टी, फेटलिंग, माल भरणे-उतरवणे, जेथे धूळ आणि धग आहे तेथील हजेरीपट काढून बघा, आडनावेच बोलतात. १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्यांना तेथे प्रवेश नव्हता. संप सगळ्यांचा, मागण्यांची यादी मात्र काहींचीच, हे कसे चालेल, असा त्यांचा सवाल होता. आज विटाळ कोणी बोलून दाखवत नाही, 'ठेकेदाराचा माणूस' एवढे म्हटले की भागते. तास वाढवणाऱ्या प्रत्येक करारात ठेकेदाराच्या माणसालाही त्याच दराने, त्याच तारखेपर्यंत, त्याच नकाराच्या हक्कासह धरलेले असावे. तसे नसेल तर आपल्या कार्यकर्त्यांनी त्या करारावर सही करू नये, मग वाढ कितीही मोठी असो.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी नवीन नाही. तेथे ती कितीतरी वर्षे चालत आली आहे, कारण मीटरवर मजुरी, लहान लहान शेड आणि वीस कामगारांखाली 'कारखाना'च नाही, अशी सोय. मोठ्या कारखान्यातले बारा तास कायदेशीर झाले की लहान शेडमधल्या बारा तासांची लाज वाटायचे कोणाला कारण उरणार नाही. मुंबई-पुण्यात लिहिणाऱ्यांच्या ध्यानात हा परिणाम येत नाही, पण कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला तो रोज एसटीत भेटतो.

आणि बायका? बारा तासांची पाळी, अर्धा तास जाण्याचा, अर्धा येण्याचा. घरी आल्यावर चूल आहेच. विहारात महिला मंडळाची बैठक बुधवारी संध्याकाळी असते. तिथे येणाऱ्यांत कारखान्यात जाणाऱ्या दोन मुली होत्या. पाळी बदलल्यापासून त्या दिसत नाहीत. अभ्यासिकेची किल्ली ज्या मुलाकडे असते तो रात्री नऊला घरी पोचतो, मग अभ्यासिका बंद. आपली चळवळ देणग्यांवर चालते असे आपण म्हणतो, पण ती पहिल्यापासून कामावरून सुटलेल्या माणसाच्या संध्याकाळवर चाललेली आहे. गिरणीची पाळी संपवून चाळीतल्या सभेला येणाऱ्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष उभा केला. ती संध्याकाळच विकत घेतली गेली, तर १४ एप्रिलची मिरवणूक तेवढी निघेल, वर्षभराचे काम कोण करील ते सांगता येत नाही.

त्या रविवारी आम्ही नऊ जणांना सह्या करा किंवा करू नका, असे काहीच सांगितले नाही. नोकरी त्यांची जाणार होती, आमची नाही. आम्ही एक पत्र लिहून दिले. कामाच्या तासांतील बदल हा कलम ४० चा विषय आहे, म्हणून बदलाची रीतसर नोटीस द्यावी; जादा कामाला आमचा सरसकट नकार नाही, मात्र संमती दर वेळी, त्या त्या तारखेपुरती आणि किती तास ते लिहून घ्यावी; आठ तासांवरील मोबदला दुप्पट दराने स्लिपवर वेगळा दाखवावा; आणि हे सर्व ठेकेदाराच्या कामगारांनाही लागू असावे. चौघा कायम कामगारांनी तिथेच सह्या केल्या. पाचांपैकी दोघांनी केल्या, तिघे म्हणाले की घरी विचारून सांगतो. सोमवारी पहिल्या पाळीला पत्र देऊन पोच घेतली. गेटावर कोणाला अडवले नाही. तीन ओळींचा कागद पुन्हा कोणी मागितलेला नाही, पण मागे घेतला असेही कोणी कळवलेले नाही. राहिलेल्या तिघांपैकी एकजण परवा रात्री साडेनऊला आमच्या घरी आला, कामाच्या कपड्यांतच. त्याला पत्राची प्रत हवी होती. सही कुठे करायची, ते त्याने दारातच उभे राहून विचारले.